झाकणाच्या आतलं वाक्य

जरा हळू आवाजात बोलतोय, कारण आज शनिवार आहे आणि आमच्या चर्चचे पाळकसाहेब माझ्या अंगावर कोपरं टेकून विचारात बसले आहेत. त्यांना वाटतं, खोलीत ते एकटेच आहेत. मी मोजण्यात येत नाही. एका डेस्कला कोण मोजतं?

होय, मी डेस्क. उतरत्या झाकणाचा, बुटक्या पायांचा, अस्सल सागवानी. जमिनीवर मांडी घालून बसावं आणि माझ्यावर लिहावं अशी माझी घडण आहे. मुकुटबनकडच्या एका सुताराने मला घडवलं. रंधा मारताना तो स्वतःशीच बोलायचा. माणसांचं ऐकत राहायची खोड मला बहुधा तिथूनच लागली. त्याने खिळे जवळपास वापरलेच नाहीत, लाकडात लाकूड बसवलं. म्हणून मी अजून कुरकुरत नाही. माझ्यामागून या घरात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, पाय फाकवून मोडल्या आणि भंगारातही गेल्या. असो. गर्व करू नये, हे माझ्यावरूनच कितीदा तरी सांगून झालेलं आहे.

माझे पहिले मालक एक शाळामास्तर होते. बदली होऊन उमरखेडला जाताना त्यांनी मला शेजारच्या तरुण पाळकाच्या ओसरीवर आणून ठेवलं. म्हणाले, "वामनराव, तुम्ही मांडीवर पाटी ठेवून उपदेश लिहिता. मान मोडंल तुमची. हा घ्या." तेव्हापासून मी वामनरावांचा.

आमचं गाव बोरी अरबच्या जवळ, कापूस-तुरीच्या शेतांनी वेढलेलं. चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर घातलेली एक लांब खोली. आठवडाभर तिथे बालवाडी भरते, त्यामुळे पुलपीट, म्हणजे उपदेशाचा उंच मंच, कायमचं ठेवायची सोय नाही. पोरं त्याच्यावर चढून बसतील. म्हणून वामनरावांनी युक्ती काढली. शनिवारी ज्या डेस्कवर उपदेश तयार होतो, तोच रविवारी सकाळी चर्चमध्ये न्यायचा, बालवाडीच्या टेबलावर ठेवायचा, वर पांढरं कापड घालायचं. झालं पुलपीट! शनिवारी मी जमिनीवर असतो, रविवारी सगळ्या मंडळीच्या डोळ्यांसमोर. अशी बढती दर आठवड्याला मिळणारा दुसरा कोणी माझ्या पाहण्यात नाही.

उपदेश कसा तयार होतो हे तुम्हाला सांगायला हवं. लोकांना वाटतं, पाळक उभे राहतात आणि तोंडाला येईल ते बोलतात. काही पाळक तसं करतातही, पण आमचे नाही.

वामनराव आधी शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला त्या दिवशीचा उतारा, वाचून घेतात. एकदा वाचून भागत नाही. पुन्हा वाचायचा, आणि मग आणखी एकदा, अगदी सावकाश. तोवर लिहायचं काही नाही. "पहिल्यांदा कान ऐकते," ते म्हणतात, "दुसऱ्यांदा डोकं ऐकते. काळजापर्यंत जायले टाइम लागते." त्यानंतर माझं झाकण उचलायचं आणि आतल्या बाजूला खडूने एकच वाक्य लिहायचं. सगळा उपदेश त्या एका वाक्यात मावला पाहिजे. मावत नसेल, तर उपदेश अजून शिजला नाही असं समजायचं आणि पाठ पुन्हा वाचायचा. वाक्य सापडलं की त्याचे तीन मुद्दे काढायचे, प्रत्येक मुद्द्याला एक दाखला जोडायचा, तोही गावातला, पण कोणाचं नाव न घेता. शेवटी लोकांनी घरी काय न्यायचं ते सांगायचं. तिसरा मुद्दा नेहमी लांबतो. त्यावरून विमलताई, म्हणजे पाळकांच्या पत्नी, त्यांना चिडवतात. "तुमच्या तिसऱ्या मुद्द्यात माह्या चुलीवरचं वरण आटते."

पुढच्या शनिवारी ओल्या फडक्याने वाक्य पुसायचं. माझ्या झाकणाच्या आत किती वाक्यं लिहिली आणि पुसली गेली असतील! माझं लाकूड तिथे पांढरट पडलं आहे.

पूर्वी रविवारी मला उचलून न्यायचं काम रोशनचं होतं. रोशन हा या घरचा एकुलता एक मुलगा. मला खांद्यावर टाकून शीळ घालत निघायचा. लग्न झाल्यावर त्याची बायको प्रेरणा मागून पांढरं कापड घेऊन चालायची. ती दारव्ह्याच्या दवाखान्यात नर्स होती, हसरी, बोलकी. मग एका संध्याकाळी रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलला अपघात झाला. त्यापुढचं सांगायचा माझ्यात धीर नाही.

त्यानंतरच्या रविवारी मला उचलायला कोणी उठेना. वामनराव कपडे करून दारात उभे, विमलताई भिंतीला टेकलेल्या. उपासनेची वेळ होत आली. तेव्हा प्रेरणा आतून आली, पदर खोचला, मला डोक्यावर घेतलं आणि सासऱ्यांच्या पुढे चालू लागली. तिची मान थरथरत होती. ते मला कळत होतं, दुसऱ्या कोणाला नाही.

मंडळीने ते दृश्य पाहिलं आणि तेव्हापासून तिला एक नाव मिळालं. "आमची रूथ." बायबलमधली रूथ तुम्हाला ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगतो. नवरा मेल्यावरही ती सासूला सोडून गेली नाही. सासू नामी हिच्यासोबत परमुलखात आली आणि दुसऱ्यांच्या शेतात कापणीनंतर मागे पडलेला सरवा वेचून तिने दोघींचं पोट भरलं. तिची एक जाऊ होती, अर्पा. ती माहेरी परत गेली. वामनराव दर दोन-तीन वर्षांनी हा विषय घेत, आणि दरवेळी बिचारी अर्पा माझ्यावरून चांगलीच बोलणी खायची.

प्रेरणा राहिली. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हापासून शनिवारी शास्त्रपाठ तीच वाचून दाखवू लागली. रविवारी मला डोक्यावर न्यायचं कामही तिचंच झालं. लोक कौतुकाने बघत. तिच्या तोंडावरचं हसू मात्र दर महिन्याला थोडं थोडं कमी होत गेलं. कौतुकाचाही भार असतो हो. मी स्वतः वजनदार आहे, मला भाराची पारख आहे.

यंदा दिवाळीनंतर हंगामाच्या सणाची तयारी सुरू झाली. या सणाला लोक आपल्या शेतातलं पहिलं पीक देवाला आणतात. कापूस, तूर, भोपळे, कोंबड्या. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. चर्चचा कारभार पाहणारे मंडळीचे वडील देवराव घरी आले आणि म्हणाले, "जय ख्रिस्त, पाळकसाहेब! औंदा रूथचाच विषय घ्या. उपदेश झाला का आपण प्रेरणाले शाल देऊ. साऱ्या मंडळीचं मत हाय. अशी सून कोणाच्या नशिबात असते?"

वामनरावांचे डोळे भरून आले. ते हो म्हणाले. आत प्रेरणाच्या हातून पातेलं पडलं.

त्या पातेल्याचा अर्थ मला माहीत होता. दुपारी घर निजलं की ती माझ्याशेजारी बसून आईशी फोनवर बोलायची. उमरखेडच्या एका घरून तिला मागणी आली होती. मुलगा नयन, तिथल्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम करतो. आधी तोही दारव्ह्याच्या दवाखान्यात होता, तेव्हाची त्यांची ओळख. तिला तो आवडत होता. हे ती आईला कधी बोलली नाही, पण त्याचं नाव घेताना ती नखाने माझ्या कडेवर गोल गोल काढत बसायची. आई उत्तर मागायची. ती म्हणायची, "मी गेली त मामाजीले वाचून कोन दाखवंल व आई? लोक काय म्हनतील?"

आता मंडळीसमोर शाल अंगावर पडली, की तिचा रस्ता बंद. आमची रूथ म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यावर ती कुठल्या तोंडाने जाणार होती? मी आपला लाकडाचा. तडकण्याखेरीज मला काय करता येतं?

सणाआधीचा शनिवार उजाडला. वामनराव माझ्यासमोर मांडी घालून बसले. वाक्य त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. पाठ वाचायच्या आधीच! असं त्यांनी कधी केलं नव्हतं. जुना, तोंडपाठ विषय, शिवाय घरातच दाखला, मग कशाला वेळ घालवा? झाकणाच्या आत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'खरं प्रेम सोडून जात नाही.' तीन मुद्देही तयार होते. रूथ राहिली, रूथ राबली, रूथला फळ मिळालं.

"वाच, बेटा," ते म्हणाले.

प्रेरणा वाचू लागली. दुष्काळ, परमुलूख, तीन विधवा बायका, परतीची वाट. आवाज नेहमीसारखा स्वच्छ होता. मग ती किंचित अडखळली आणि पुढे गेली. वामनराव डोळे मिटून मान डोलवत होते. त्यांना काही कळलं नाही.

विमलताई दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. या बाईने आयुष्यात कधी उपदेशाच्या तयारीत तोंड घातलं नाही, पण सारे शास्त्रपाठ तिने शेंगा सोलता सोलताच पाठ केले आहेत. त्यांचे हात थांबले.

"प्रेरणा, एक वचन राह्यलं व माय."

"नाई आई, वाचलं ना."

"नाई वाचलं. नामी सुनाईले म्हनते ते."

प्रेरणाने पानावर नजर टाकली. तिचं बोट त्या ओळीवर जाऊन थांबलं. मग विमलताईंनीच ते वचन सांगितलं, सुपावरची नजर न उचलता, आपल्या साध्या बोलीत. नामी दोघी सुनांना म्हणते, परत जा, पोरींनो, आपापल्या आईच्या घरी. तुम्ही मेलेल्यांवर माया केली, माझ्यावर केली. देव तुम्हाला नव्या नवऱ्याच्या घरी विसावा देवो. असं म्हणून तिने दोघींचे मुके घेतले आणि तिघी गळा काढून रडल्या.

प्रेरणा उठून आत गेली.

"ते वचन प्रस्तावनेत येते," वामनराव म्हणाले. "मुद्द्यात नाई."

"काहून नाई?"

"कारन विषय रूथचा हाय. रूथ राह्यली, हा विषय."

"आन नामीनं पह्यले दार उघडलं, तो कोनाचा विषय?" विमलताईंनी शेंगा बाजूला सारल्या. "तिनं जा म्हटलं, म्हनून राहन्याले किंमत आली. आपन म्हटलं का कधी जा? सांगा ना."

वामनरावांनी हातातला खडू खाली ठेवला.

"तिच्या आईचा मले फोन आलता," विमलताई हळू आवाजात म्हणाल्या. "उमरखेडचं स्थळ हाय. चांगलं घर हाय. महिना झाला."

"आन तू मले सांगतलं नाई?"

"नाई सांगतलं. मले वाटलं, राहू दे. ही गेली का घर खायले उठंल. मीच दार लावून बसली, आन उद्या तुम्ही त्याच्यावर कुलूप ठोकून राह्यले, तेही पुलपीटावरून."

मी इतक्या वर्षांत वामनरावांचे पुष्कळ हात अनुभवले आहेत. जोशात आपटलेले, प्रार्थनेत जोडलेले, रोशन गेल्यावर नुसते माझ्यावर पडून राहिलेले. त्या दुपारी त्यांचा तळवा माझ्या झाकणावरून असा फिरत राहिला, जणू तापलेल्या लेकराचं कपाळ चाचपत आहेत.

मग त्यांनी फडकं ओलं करून मागितलं. वाक्य पुसलं.

"प्रेरणा, इकडं ये बेटा. पाठ पुन्हा वाच. पुरा वाच."

ती आली. डोळे सुजलेले. तिने पुन्हा वाचलं, आणि या वेळी ते वचनही वाचलं, थांबत थांबत. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा वामनरावच मुसमुसत होते. पुढच्या एका अध्यायात तीच नामी रूथला जवळ बसवून म्हणते, पोरी, तुझ्यासाठी मी घर शोधायला नको का? तिथे त्यांनी हात वर केला.

"थांब. हे मी आजलोक कितीदा वाचलं, बाप्पा! आन अर्पाले शिव्या देत बसलो. नामीनं तिले एक वाईट शब्द नाई म्हटला." त्यांनी माझं झाकण उचललं. "खडू घे. माहे डोये बरोबर नाई. मी सांगतो, तू लिव."

प्रेरणाने खडू घेतला.

"लिव. ज्याच्यावर जीव आहे, त्याच्यासाठी दार उघडं ठेवावं."

अर्ध्या वाक्यात खडू तुटला. उरलेलं तिने तुकड्यानेच लिहिलं, म्हणून त्या वाक्याची पहिली अक्षरं बारीक आहेत आणि शेवटची ठसठशीत. लिहून झाल्यावर तिने माझ्या कडेवर डोकं टेकलं आणि रोशन गेल्यापासून कोणासमोर रडली नव्हती, तशी रडली. विमलताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"मामाजी, उद्या ते शाल नका देऊ देऊ."

"देवराव ऐकनार नाई. देतील. पन कायची शाल हाय, ते मी सांगतो. सांगू का? तू नाई म्हटलं त नाई सांगत."

तिने मान हलवली. होकाराचीच होती.

रविवारी सकाळी तिने मला डोक्यावर घेतलं. मान थरथरत नव्हती.

चर्च भोपळ्यांनी, कापसाच्या बोंडांनी, तुरीच्या पेंढ्यांनी भरून गेलं होतं. कोणी तरी माझ्या टेबलाच्या पायाला एक तांबडी कोंबडी बांधली होती. पहिल्या मुद्द्यापासूनच तिचा काहीतरी आक्षेप होता. वामनराव बोलत राहिले. नामीने वाट दाखवली, हा पहिला मुद्दा. नामीने अर्पाला आशीर्वाद देऊन पाठवलं, हा दुसरा. इथे मागच्या सतरंजीवर कुजबुज झाली, कारण अर्पाला शिव्या बसतील अशी सगळ्यांची तयारी होती. मग त्यांनी माझ्यावर थाप मारली आणि माझाच दाखला दिला!

"हा डेस्क पाहा. सुतारानं जीव लावून घडवला. पन आपल्याच घरी ठेवून घेतला असता, त याच्यावर कोनी एक अक्षर तरी लिवलं असतं का?"

माझ्या साऱ्या जन्मात कोणी माझा दाखला दिला नव्हता. कोंबडीसुद्धा गप्प बसली.

आणि मग तिसऱ्या मुद्द्यावर, जो नेहमी लांबतो, त्याच मुद्द्यावर वामनरावांचा आवाज बसला. नामीने रूथसाठी घर शोधलं, एवढंच बोलायचं होतं. समोर प्रेरणा होती. लोक एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा त्यांनी जे कधीच केलं नव्हतं ते केलं. कापड बाजूला सारून भर उपासनेत माझं झाकण उघडलं, आत नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं आणि ते वाक्य वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तिसरा मुद्दा एवढाच झाला.

देवराव शाल घेऊन उभे राहिले खरे, पण पार गोंधळलेले.

"पाळकसाहेब, मंग आता हे शाल?"

"द्या ना, देवराव. पन ते राह्यली म्हनून नोका देऊ. आमची लेक आता सासरी चालली, उमरखेडले. माहेरची शाल म्हनून द्या."

मग बायकांच्या बाजूने म्हातारी रुपीबाई उठली. तिने देवरावांच्या हातून शाल ओढूनच घेतली आणि प्रेरणाच्या खांद्यावर घातली. "पुरुषाईले एवढा उशीर काहून लागते समजायले?" ती म्हणाली. मग जे रडणं आणि हसणं सुरू झालं, त्यात लिलाव दुपारपर्यंत लांबला. कोंबडी रुपीबाईनेच घेतली.

लग्न नाताळानंतर झालं. नयन सणावारी येतो, मला हात लावून पाहतो आणि लाकडाचं कौतुक करतो. जावई चांगला आहे. प्रेरणा आली की आधी माझं झाकण उघडते. तिचं वाक्य अजून तिथेच आहे. वामनराव दर शनिवारी फडकं मारतात, पण तेवढी ओळ वगळून. नवीन वाक्य खाली उरलेल्या जागेत बसवावं लागतं, त्यामुळे त्यांचे उपदेश हल्ली थोडे आटोपशीर झाले आहेत. पाठ आता विमलताई म्हणतात. पुस्तकाची त्यांना गरज नाही.

देवराव म्हणतात, चर्चसाठी काचेचं पुलपीट आणू, शहरात असतं तसं. आणा बापहो. मी आता जुना झालो. पण माझी एक विनंती आहे. रविवारी सकाळी दोन म्हातारी माणसं एका डेस्कला दोन बाजूंनी धरून रस्त्याने येताना दिसली, तर मदतीला धावून येऊ नका. बाजूला होऊन वाट तेवढी द्या. ते दोघं वाटेत मला दोनदा खाली ठेवतात. पहिल्यांदा कडुलिंबाशी. "झाला पह्यला मुद्दा," विमलताई धापा टाकत म्हणतात. दुसऱ्यांदा फाट्यापाशी, जिथे उमरखेडची एस.टी. थांबते. तिथे दोघंही माझ्या कडेला हात ठेवून रस्त्याकडे बघत उभे राहतात.

"चला," विमलताई म्हणतात, "तिसरा मुद्दा राह्यला."

"थांब ना," वामनराव म्हणतात. "एक गाडी येऊ दे."